उजळलेला रंग

लोहाच्या गोळ्या सोमवारी वाटायच्या, असं आमच्या शाळेत ठरलेलं होतं. आरोग्याचा तास माझा, म्हणून नववी-दहावीची वाटणीही माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीनंतर एकेका तळहातावर निळी गोळी ठेवायची, समोर गिळायला लावायची आणि वहीत खूण करायची. खरं सांगायचं तर मी खुणा आधीच करून ठेवत असे. वही पूर्ण दिसली की माझं काम संपायचं.

मागच्या वर्षी माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. बाळ वाचलं. बहिणीला जाफराबादला दिलं होतं. दिवाळीला माहेरी आली तेव्हा शेजारणी दारातच म्हणाल्या, सासरचं पाणी मानवलं, काय रंग उजळलाय पोरीचा! मीही तेच म्हणाले. चार पायऱ्या चढून तिला धाप लागत होती, ती आम्ही पोटातल्या बाळावर ढकलली. सुट्ट्या लागायच्या आधीच मी नववीला रक्तक्षय शिकवला होता. दम लागणे, थकवा, त्वचा फिकट दिसणे, हे फळ्यावर मीच लिहिलं होतं. ती गेली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव झाला हे खरं, पण अंगात रक्त मुळातच कमी होतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, दोन ओळी वाचते, उठून पाणी पिते, पुन्हा त्याच दोन ओळी. एसटीत शेजारच्या बाईची नखं बघत राहते. वर्गात हजेरी घेताना मुलींच्या ओठांकडे लक्ष जातं आणि पुढचा नंबर विसरते.

या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी जिना चढून आली आणि दाराशीच भिंतीला टेकली. मी तिला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली जवळजवळ नव्हतीच.

"गोळी घेतेस ना?"

"घेते ना, मॅडम."

"कंपासमधी घेती," मागून तिची मैत्रीण म्हणाली. "उघडा तर खरं, मॅडम. अख्खं मेडिकल हाये."

कंपासपेटीत खोडरबराशेजारी निळ्या गोळ्या पडल्या होत्या.

"सोमवार असतो माझा," ती खाली बघत म्हणाली. "उपाशीपोटी घेतली का मळमळतं. एकदा वकले बी. मंग आई म्हणली, नको घेऊ."

मी वर्गाला विचारलं, सोमवार कोणाकोणाचा असतो? निम्म्याहून जास्त मुलींनी हात वर केले. इतकी वर्षं मी त्यांना नेमक्या उपाशी दिवशी गोळी देत होते. मंगळवारी देते म्हटलं, तर चारजणी म्हणाल्या, मंगळवारी राजूरच्या गणपतीचा उपास. शेवटी बुधवार ठरला. मुख्याध्यापकांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, विचारलं नाही.

त्या मुलीच्या आईला बोलावलं. ती निंदणीवरून तशीच आली, हाताला माती.

"काय केलं हिनं?"

"काही नाही, ताई. रक्त तपासायला भोकरदनला न्यायचंय."

"रक्त? कशापायी? बिलकुल बरी हाये ती. उलट रंग उजळून राह्यला तिचा. जाऊ म्हणती, आईवर गेली न्हाई हे बरं झालं." ती हसली.

भिंतीवरचा तक्ता दाखवून समजवायचं मी ठरवलं होतं. तसं झालं नाही.

"माझी बहीण अशीच उजळली होती," मी म्हणाले.

"मंग?"

"गेली."

शाळेत हे मी तोवर कोणाशीच बोलले नव्हते. आईनं मुलीला जवळ ओढलं, पदरानं तिचा गाल खसाखसा पुसला आणि निरखून पाहिलं.

"मंग जल्दी चला," ती म्हणाली. "उद्या-परवा नका करू."

सरकारी दवाखान्यात रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या रक्तावर ही जिने चढते? सलाईनमधून लोह द्यावं लागेल, तीन वेळा. आई प्रत्येक वेळी आणते म्हणाली. माझा विश्वास बसेना. पहिल्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले, तर दोघी माझ्याआधी येऊन बसल्या होत्या.

सुई लागली. मी बाटलीपाशी गेले, थेंब पाहिले, दारापर्यंत आले, नर्सला विचारलं, परत बाटलीपाशी गेले. नळी कुठे मुडपली तर नाही ना, हे बोटानं चाचपलं. असं किती वेळा झालं असेल कोणास ठाऊक.

"मॅडम," मुलगी उशीवरून म्हणाली, "सुई मला लावलीय. तुम्ही बसा ना जरा."

तिच्या आईनं बाकावर सरकून जागा केली. "बसा. इथंच हाये ती, कुठं चालली?"

मी बसले. बाटली संपेपर्यंत उठले नाही.