पत्ता सासरवाडीचा

माझ्या आईला तिच्या वडिलांची तिथी ठाऊक नव्हती. ते वारले की नाही, हेच मुळात ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझे आजोबा पलटणीत भरती व्हायला म्हणून लासूर स्टेशनवरून गाडीत बसले, तेव्हा आई पाळण्यात होती. पुढं कुणा गाववाल्याबरोबर खुशालीचा एक निरोप आला म्हणे, आणि त्यानंतर काहीच नाही. लढाई संपली, आसपासच्या गावांतली माणसं परत आली, आजोबा आले नाहीत. मग रझाकारांचे दिवस आले, पाठोपाठ पोलीस ॲक्शन झाली. त्या धामधुमीत एका हरवलेल्या शिपायाची चौकशी कोण करणार? गावानं आपल्या परीनं निकाल लावून टाकला, की गडी पलटणीतून पळाला आणि मुंबईकडं दुसरा संसार थाटून बसला. माझी आजी सखूबाई हे सगळं ऐकून घ्यायची आणि रोज सकाळी कपाळभर कुंकू लावायची. ती गेली तेव्हाही तिच्या कपाळावर कुंकू होतं.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि हाताशी वेळ आला, तेव्हा मनात घेतलं की आजोबांचा पत्ता लावायचाच. आई ऐंशीच्या घरात आलेली. तिच्या डोळ्यांदेखत काहीतरी कळावं, एवढीच इच्छा. आधी आमच्या संभाजीनगरातल्या सैनिकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी आपुलकीनं ऐकून घेतलं, पण इतकं जुनं त्यांच्याकडं काही नव्हतं. मग पलटणींच्या अभिलेखागारांना पत्रं लिहिली. त्या युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या नोंदी आता संगणकावर बघायला मिळतात, हे भाच्याकडून कळलं, तेव्हा रोज दुपारी जेवण झालं की मी चष्मा लावून त्या नोंदी चाळत बसू लागले. आजोबांच्या नावाची माणसं पुष्कळ सापडायची. कुणी साताऱ्याचा, कुणी रत्नागिरीचा, कुणी नगरचा. औरंगाबाद जिल्ह्यातला मात्र एकही नाही. आजोबांचं गाव गंगापूर तालुक्यातलं, म्हणजे औरंगाबाद असायलाच हवं, असं धरून मी पुनःपुन्हा तेच शोधत होते. मराठी, इंग्रजी, चुकीचं, बरोबर, सगळी स्पेलिंगं करून पाहिली.

देवावरचा माझा विश्वास तेव्हा बेताचाच होता. आई दर शनिवारी उपास धरायची आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीचं नाव घ्यायची. मीही दिवा लावायचे, हात जोडायचे, पण मनात यायचं की एवढी वर्षं आजीनं कुंकू लावलं, आईनं उपास केले, त्याचं काय झालं? आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. गाव म्हणत होतं तेच खरं निघालं तर? नोंद सापडत नाही याचा अर्थ आजोबा त्या युद्धात कामी आलेच नाहीत असा असेल, तर मग मी आईला काय तोंडानं सांगायचं? त्या भीतीपायी मी संगणक उघडायचं हळूहळू कमी करत गेले. आईच्या ते लक्षात आलं. श्रावणात एका सकाळी ती म्हणाली, "बाई, आता तू लई शोधलंस. मला एकदा भद्रा मारुतीला घेऊन चल. त्याच्या कानावर घालते आन् सोडून देते. त्याला सांगायचं वाटलं तर सांगंल."

"तो तर झोपलेला आहे, आई," मी चेष्टेनं म्हटलं. खुलताबादच्या मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे, आडवी पहुडलेली.

"झोपलेल्या माणसालाबी हाक मारली की ऐकू येतीच की," आई म्हणाली, आणि लुगडं बदलायला आत गेली.

श्रावणातला शनिवार, त्यामुळं देवळात भली मोठी रांग. आईला रांगेतल्या कठड्यावर टेकवलं आणि मी रुईच्या पानांचा हार धरून उभी राहिले. आमच्या पुढं माझ्याच वयाची एक बाई होती. अंगानं भरलेली, हिरव्या काठाचं पातळ, आणि बोलायला एकदम मोकळी. आईनं गुडघा चोळलेला पाहून तिनं आपल्या गुडघ्यांची कहाणी सुरू केली, तिथून सुनांवर आली आणि सुनांवरून माहेरावर. तिचं माहेर वैजापूरकडचं. मग हसत म्हणाली, "आमचा आजा मोठा लबाड होता बघा. लढाईला गेला तर पलटणीत स्वतःचं गावच सांगितलं नाय त्यानं. सासरवाडीचं गाव सांगून मोकळा."

आई चटकन सावरून बसली. "का हो?"

"अवो, आमचं गाव निजामाच्या मुलखात ना. त्याला वाटलं, निजामाचा म्हटलं तर साहेब परत धाडील. सासरवाडी गोदावरीच्या पल्याड, इंग्रजाच्या नगर जिल्ह्यात. तेवढंच सोपं. आमच्या आजीला मरेपर्यंत त्याचा राग. म्हणायची, ह्यांनी माझ्या बापाचं गाव वापरलं आन् मला एक पातळ नाय घेतलं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या हातातला हार खाली पडला. माझ्या आजीचं माहेर पिंपळवाडी. गोदावरीच्या पल्याड. नगर जिल्हा. मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. तेवढ्यात रांग पुढं सरकली, बाईचा नंबर आला, दर्शन घेऊन ती गर्दीत मिसळली. बाहेर येऊन मी तिला पुष्कळ शोधलं. निदान नाव विचारावं, गाव विचारावं. दिसली नाही. हिरवे काठ त्या दिवशी पन्नास बायकांचे होते.

घरी आल्या आल्या मी संगणक लावला. आई चहा न घेता शेजारी खुर्ची ओढून बसली. या वेळी मी औरंगाबाद सोडून दिलं आणि नगर बघितलं. खाली खाली जात एका नोंदीपाशी थांबले. आजोबांचं नाव. पणजोबांचं नाव. आणि पुढं इंग्रजीत जे लिहिलं होतं ते मी आईला मराठीत वाचून दाखवलं, "सखूबाईचे पती, राहणार पिंपळवाडी, अहमदनगर."

आईनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आईचं नाव लिवलंय?"

"हो. ते इटलीत वारले, आई. युद्ध चालू असतानाच. पळून गेले नव्हते."

तिनं डोळे पुसले नाहीत. तिनं पुढं विचारलं ते एवढंच, "अग्नी दिला का कुणी?"

मी पुढचं वाचलं. ज्या हिंदू, शीख जवानांचं तिथं रीतसर दहन झालं, त्यांच्यासाठी तिकडं एक स्मारक आहे. त्यांची नावं दगडात कोरून ठेवली आहेत, आणि आजोबांचं नाव त्यात आहे. हे सांगितलं तेव्हा कुठं आईनं पदर डोळ्यांना लावला. मग आम्ही दोघींनी हिशोब लावला. आजीचे आईवडील तापाच्या साथीत गेले होते, भाऊ नव्हता, पिंपळवाडीचं घर बंद पडलेलं. निधनाची तार आली असेल तर ती त्या कुलपाशीच येऊन माघारी गेली असणार. ना आजोबांचा दोष, ना कुणाचा.

आणखी एक गोष्ट नोंदीत होती. आजोबा बंदूकवाल्या पलटणीत नव्हतेच, खेचरांच्या तुकडीत होते. त्या तुकडीच्या कामाची थोडी माहिती मला पुढं वाचायला मिळाली. जिथं मोटारी चढत नसत अशा डोंगरांवर ही माणसं खेचरांच्या पाठीवर पाणी, पाव आणि दारूगोळा लादून वर न्यायची, वरून जखमींना खाली आणायची. त्यात आजोबांचं नाव नव्हतं, ते नेमके कसे गेले हेही कळलं नाही. पण आईला तेवढं पुरलं. "मारुतीनं डोंगर उचलला," ती म्हणाली, "आन् माझ्या बापानं डोंगरावर पाणी नेलं. चांगलं काम होतं की." पुढचे कित्येक दिवस दारात येईल त्याला ती हे सांगत होती. दूधवाला, शेजारच्या वहिनी, गॅसची टाकी घेऊन येणारा, सगळ्यांना. गावाकडच्या भावकीला तर तिनं फोन करून सांगितलं, आणि समोरून कोण काय बोललं ते ऐकायच्या आत ठेवून दिला.

गुरुजींनी पंचांग बघून इंग्रजी तारखेवरून तिथी काढून दिली. आईनं ठरवलं, श्राद्ध पैठणला गोदावरीवर करायचं. ह्याच नदीच्या अलीकडं आजोबांचं गाव आणि पलीकडं आजीचं. मला वाटलं होतं की विधी माझ्या यजमानांना करावा लागेल. गुरुजींनी आईला विचारलं, "मुलगी तुम्हीच ना? मग हात पुढं करा." तिनं ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले. मंत्र संपला तरी ओंजळ सोडेना. मग अगदी हळू म्हणाली, "आबा." उभ्या आयुष्यात तिनं ही हाक कुणाला मारली नव्हती. ती मारल्यावर मग तिनं पाणी सोडलं.

पान वाढून ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. कावळे लांब झाडावर होते, एकही खाली उतरेना. तेवढ्यात नदीपात्रातून वाळू वाहणाऱ्या गाढवांचा एक कळप पायऱ्यांच्या कडेनं चालला होता. त्यातलं एक करडं गाढव थेट आमच्याकडं आलं, पानाचा वास घेतला आणि उडदाचे वडे एकामागून एक खाऊन टाकले. गुरुजी उठून त्याला हाकलायला निघाले. आईनं त्यांचा हात धरला. "राहू द्या, गुरुजी. आबांच्या ओळखीचं दिसतंय." आणि ती हसू लागली. मी तिला इतकं हसताना लहानपणापासून पाहिलं नव्हतं. शेवटी गुरुजीही हसले, म्हणाले, "पोचलं म्हणायचं." मागून उतरलेल्या कावळ्यांना नुसती खीर मिळाली.

रांगेत भेटलेली ती बाई कोण होती, हे मला आजही माहीत नाही. वैजापूरकडची एक बोलकी आजीबाईच असणार, आणि आमच्यापुढं ती योगायोगानंच उभी असेल. मला त्यावर कुणाशी वाद घालायचा नाही. एवढं खरं, की मी जोवर माझ्याच गृहीतावर घट्ट बसून शोधत होते तोवर दार उघडलं नाही. आईनं आपलं ओझं देवाच्या कानावर घालायचं ठरवलं, रिकाम्या मनानं रांगेत बसली, आणि त्या रिकाम्या मनाला दुसऱ्याची गोष्ट ऐकू आली. प्रयत्न सोडू नये, पण आपल्यालाच सगळं माहीत आहे हा हट्ट देवाच्या पायाशी ठेवावा, इतकं मी शिकले. आता शनिवारी दिवा लावते तेव्हा काही मागत नाही. आईच्या शेजारी बसते, हात जोडते, आणि मनापासून म्हणते, देवा, तुझे उपकार.