कॉफी शेडचा ब्रेड

रिटायर झालेला माणूस घरी शांत बसतो, असं ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितलं त्याला आठ दिवस आमच्या घरी आणून ठेवा. आमचे मास्तर बघू देत त्याला. मास्तर म्हणजे माझे यजमान, सुकदेव. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं रंग जुळवायचं काम केलं. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, कापडाचा एवढासा तुकडा पाठवणार आणि यांनी हजारो मीटर कापड बरोबर त्या रंगाचं काढून द्यायचं. सॅम्पलच्या कार्डावर एकदा यांनी ‘ओके’ लिहिलं की पुढे कोणी बघायचं नाही. सगळी मिल मास्तर म्हणायची. मी मास्तर म्हणते ती रागावले की, आणि गेले आठ महिने दुसरं काही म्हटलेलंच नाही.

आठ महिन्यांपूर्वी एक लॉट परत आला. साडीचं कापड, कॉफी शेड, पण लाल झाक मारत होतं. मास्तरांनी सेठला सांगितलं की मी सॅम्पल पास केलं तेव्हा रंग बरोबर होता, नंतर मशीनवर भूपेंद्रने काहीतरी जास्त घातलं. हा भूपेंद्र अठरा वर्षं यांच्या हाताखाली मशीन चालवत होता. आमच्याच धरणगावकडचा, गोडादऱ्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आमच्या मुलीच्या, हर्षदाच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्याने बघितलं होतं. सेठने त्याला काढलं. पंधरा दिवसांनी यांनाही गोड बोलून घरी पाठवलं, सुकदेवभाई, हवे आराम करो, म्हणजे आता आराम करा. तेव्हापासून दोन घरांचं जाणंयेणं बंद. भूपेंद्र आता पर्वत पाटियाच्या बाजारात एका दुकानात साड्यांच्या घड्या घालतो असं कानावर आलं. त्याची बायको स्नेहा भाजीवाल्याकडे दिसली की मीच दुसऱ्या बाजूने निघून जायचे. काय तोंड दाखवणार?

आणि आराम म्हणाल तर नावाला नाही. पंखा दोनवर, लगेच तीनवर, परत दोनवर. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. दाराची कडी घट्ट करायची, मग ती लागत नाही म्हणून सैल करायची. माझ्या डाळींचे डबे रंगाप्रमाणे लावून ठेवले, मला आठवडाभर मसुराची डाळ सापडली नाही. आणि सारखा हात शर्टाच्या खिशावर. खिशात काय आहे विचारलं तर म्हणे काही नाही. एकदा पुतणीच्या साखरपुड्याला निघाले तर एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात मरून रंगाचा. मी हसले तर दिवसभर बोलले नाहीत. हर्षदा बडोद्याहून फोनवर म्हणायची, पप्पा, डोळे दाखवून या. त्यावर घर डोक्यावर घ्यायचे, म्हणे माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय!

मग हर्षदाच एकदा आली आणि ब्रेडचं मशीन ठेवून गेली. तिला कोणीतरी भेट दिलेलं, तिने दोनदा वापरलं आणि कपाटावर टाकलं. मशीन कसलं, झाकणाची पेटीच. आत भांडं, भांड्यात पातं. पाणी, गव्हाचं पीठ, यीस्ट घालायचं आणि बटण दाबायचं. मळायचं तेच, फुगवायचं तेच, भाजायचंही तेच. साडेतीन तासांनी ब्रेड तयार. सोबतच्या पुस्तकात एका काळपट ब्रेडचा फोटो होता, काकवी आणि कॉफी घातलेला. मास्तर ते पुस्तक घेऊन गॅलरीत गेले, उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. आत येऊन म्हणाले, हा शेड मी काढतो.

मी म्हटलं चला, हात गुंतले एकदाचे. पण कसलं काय.

मिलमध्ये कापडाला रंग चढत असताना मशीन थांबवून मधेमधे तुकडा काढून बघायचा असतो. रंग कमी वाटला की थोडा आणखी सोडायचा, पुन्हा बघायचं. एकतीस वर्षांची सवय ती. ब्रेड फुगायला लागला की मास्तरांनी झाकण उघडलंच. चिमटीने गोळा तोडला, बघितला, पळीभर काकवी ओतली, झाकण लावलं. दहा मिनिटांनी परत झाकण, परत चिमटी, वरून चमचाभर कॉफी. ब्रेड मधोमध बसला, खालून वीट. बरं, ओलं कापड गडद दिसतं, म्हणून सॅम्पल इस्त्रीने सुकवून मगच रंग बघायचा, हाही नियम. तर त्यांनी पिठाच्या चिमटीला इस्त्री मारली. माझ्या इस्त्रीने! दुसऱ्या दिवशी माझ्या पांढऱ्या ब्लाउजच्या पाठीवर काकवीचा पट्टा उठला तेव्हा मला कळलं. मी तेव्हा काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

असे सहा ब्रेड झाले. पहिला आम्ही चहात बुडवून कसाबसा खाल्ला, पुढचे गल्लीतल्या गायीला घातले. चौथ्यानंतर तीही फिरकेना. मास्तरांना त्याचं काही नाही. रोज सकाळी पीठ मोजायला बसायचे, आणि प्रत्येक ब्रेड कापला की तुकडा घेऊन गॅलरीत, पाठ माझ्याकडे, हात खिशाशी. मला जीव नकोसा झाला होता. एवढी तगमग एका ब्रेडपायी? शेवटी मी पुस्तक उघडलं. त्यात सरळ लिहिलेलं, फुगताना आणि भाजताना झाकण उघडू नये. सातव्या दिवशी मळून झाल्याबरोबर मी परकराची नाडी आणली, अख्ख्या मशीनला गुंडाळून करकचून गाठ मारली आणि सांगितलं, गाठ मी मारलीय, मीच सोडीन.

ते तीन तास त्यांनी कसे काढले ते मी बघितलंय. बसले, उठले, जिना उतरून खाली गेले, तसेच वर आले. नाडीला हात लावून बघितला. मला विचारलं, आत्ता रंग कसा असेल गं? मी म्हटलं, मला काय माहीत, मी मटकी निवडतेय. भाजल्याचा वास सुटला तसे ते ओट्यापाशी येऊन उभेच राहिले.

ब्रेड निघाला तो भरगच्च, वरून गोल. तो गार होईपर्यंत मी त्यांना सुरी दिली नाही. मग त्यांनी एक चकती कापली, गॅलरीत नेली, आणि पहिल्यांदाच मला हाक मारली. खिशातून एक कार्ड काढलं. कार्डावर कापडाचे दोन तुकडे पिनने लावलेले, वरचा पार्टीचा, खालचा त्या परत आलेल्या लॉटच्या सॅम्पलचा. खाली यांच्या अक्षरात ‘ओके’ आणि तारीख. आठ महिने हे खिशात घेऊन फिरत होते.

चकती त्यांनी कार्डाशेजारी धरली. "बघ," म्हणाले, "वरचा, खालचा आणि ब्रेड. तिन्ही एक आहेत की नाही? मी पास केलं तेव्हा रंग बरोबरच होता."

मी वाकून बघितलं. ब्रेड आणि वरचा तुकडा एक होते, अगदी एक. खालचा लाल होता. संध्याकाळच्या दिव्यातही मी सांगितलं असतं इतका लाल. म्हणजे ज्या सॅम्पलवर यांनी ओके लिहिलं तेच चुकलेलं होतं. भूपेंद्रने काहीच जास्त घातलं नव्हतं.

हो म्हटलं असतं तर सुटले असते. ते शांत झाले असते, ब्रेडचं वेड गेलं असतं, माझी इस्त्री वाचली असती. पण मला भाजीवाल्याकडची स्नेहा आठवली, माझ्याकडे बघून पिशवी घट्ट धरणारी. आणि याच माणसाने मला लग्नानंतर पहिल्यांदा साडी घ्यायला नेलं तेव्हा बजावलं होतं, मन राखायला रंगाचं खोटं सांगायचं नाही.

"वरचा आणि ब्रेड एक आहेत," मी म्हटलं. "खालचा लाल आहे."

"किती?"

"खूप."

त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. कार्ड उलटं धरलं, उन्हात नेलं, सावलीत आणलं. मग तिथेच गॅलरीत खाली बसले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तितकंच रडू येत होतं. मी शेजारी बसले. ते एवढंच म्हणाले की सेठसमोर मी भूपेंद्रचं नाव घेतलं.

चार वाजता त्यांनी उरलेला ब्रेड धुतलेल्या पंच्यात गुंडाळला. आज रविवार, भूपेंद्र घरीच असणार. दोन गल्ल्या चालायला आम्हाला पाच मिनिटं लागतात, आज मला त्या संपेनात. दार भूपेंद्रनेच उघडलं. स्नेहा मागे उभी होती, तिने मान फिरवली. आत या असं कोणी म्हटलं नाही.

मास्तर मिलमध्ये सेठशी गुजरातीत आणि मशीनवाल्यांशी हिंदीत बोलायचे. त्या दारात मात्र त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निघाली.

"माले दिसनं नही, भूपेंद्र. लाल माले दिसनंच नही."

भूपेंद्र त्यांच्याकडे बघत राहिला. "मी त्या दिवशी सांगेल व्हतं ना, मास्तर? लाल मारस म्हणीसन?"

"सांगेल व्हतं."

मी मास्तरांकडे बघितलं. हे मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं होतं, यांनी ऐकलं नव्हतं, आणि वर सेठसमोर त्याच्याच नावावर घातलं होतं. म्हणून तो खिसा, म्हणून ते पंख्याचं बटण, म्हणून ते सात ब्रेड. एवढं आठ महिने मला कळलं नाही, माझी मलाच लाज वाटली.

मास्तरांनी ब्रेड आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. "सकाळी मन्हासंगे मिलमा चाल. सेठले मी सांगसू."

त्याने पंचा सोडला, ब्रेडचा तुकडा मोडला आणि सवयीने दाराबाहेर उजेडात येऊन उभा राहिला. तुकडा कार्डावरच्या वरच्या कापडाला लावला. खूप वेळ बघितला.

"ओके," तो म्हणाला.

इतकी वर्षं हा शब्द मास्तरांनी म्हणायचा आणि भूपेंद्रने ऐकायचा. मास्तर मान खाली घालून उभे होते. स्नेहाने माझ्याकडे न बघताच विचारलं, चहात साखर किती टाकू.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी उद्या दुपारची घेतलीय. सकाळी त्या दोघांना मिलमध्ये जायचंय.