फलकावरची नर्स

तो फलक मीच छापून आणला, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर पोर कशातही पास झालं की फाटकावर त्याच्या फोटोचा भलामोठा फलक लागतोच. फ्लोरिसा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फेब्रुवारीत त्यांचा टोपी घालायचा समारंभ. मला कुठला दम निघतोय! फोटोवाल्याने तिचं तोंड कुठल्याशा नर्सच्या धडावर चिकटवलं आणि खाली लिहिलं, ‘आमची नर्स फ्लोरिसा’. मी तिची निनांग, म्हणजे बाप्तिस्म्यापासूनची मानलेली आई. सख्खी आई डेल्फा हाँगकाँगला, तेव्हा मिरवायचं कामही माझंच.

शनिवारी पोरगी घरी आली आणि फलकाखाली थिजून उभी राहिली.

“निनांग, हे काय करून ठेवलंस?”

“गाल जरा सुजल्यासारखे आलेत, पण त्यात माझा काय दोष?”

ती माझ्या खानावळीच्या बाकावर येऊन बसली. मी भात आणि माशाचं आंबट सार पुढे ठेवलं. तिने हात लावला नाही.

“मी ऑगस्टमध्येच नर्सिंग सोडलं. आता संगीत शिकतेय. कॉलेजच्या बँडमध्ये घेतलंय, म्हणून फी माफ आहे.”

“पाच महिने आम्हाला उल्लू बनवत होतीस? तुझ्या जिभेला हाड आहे का गं?”

“वॉर्डात एका आजोबांचे पाय पुसत होते. खाली रस्त्यावरून बँड चालला होता. माझी बोटं त्यांच्या पायावरच सूर धरायला लागली, निनांग. आजोबा हसले. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले.”

नवव्या वर्षापासून ती आपल्या आजोबांची क्लॅरिनेट वाजवते. हे मला कळायला हवं होतं. पण माझा राग काही उतरेना, कारण फलकाचा फोटो मी आधीच डेल्फाला पाठवला होता. तिने रजा काढली होती. नर्सचे पांढरे बूट खोक्यात घालून पाठवूनही दिले होते.

डेल्फा अकरा वर्षं परक्या घरात परक्या म्हातारीला सांभाळतेय. पोरगी नर्स झाली की तिला कुठल्यातरी थंड देशात नोकरी लागेल, मग ती आईला बोलावून घेईल. दर रविवारी फोनवर मला तिचं एकच पालुपद. “एका घरात राहायचंय, ओसांग. दुसरं काही नको.”

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. व्हिनेगरच्या बाटलीला फोन टेकवून ठेवला. सुट्टीचा दिवस म्हणून डेल्फा तिथल्या चौकात पुठ्ठा अंथरून मैत्रिणींत बसली होती. फ्लोरिसाने सगळं सांगितलं. मी चुलीकडे तोंड करून उगाच कांदे चिरत राहिले.

“म्हणजे मला न्यायला तू येणार नाहीस,” डेल्फा म्हणाली.

“मी गावातच शिकवीन, आई. तूच ये ना.”

“आणि आल्यावर मी काय करू? ओसांगची भांडी घासू?”

“घास की!” मी ओरडले. “मला बाई मिळतच नाहीये!”

कोणीच हसलं नाही. डेल्फाने फोन ठेवून दिला.

रजा मंजूर झालेली, तिकीट काढलेलं, म्हणून फेब्रुवारीत ती आली. समारंभ नव्हताच. त्याच आठवड्यात गावची जत्रा होती आणि फ्लोरिसा बँडबरोबर चालणार होती, तेच पांढरे बूट घालून. ते तिला बरोबर बसले. अकरा वर्षं न पाहिलेल्या पायांचं माप डेल्फाने कसं धरलं, देव जाणे.

फलक फेकायला माझा जीव होईना. तो मी खानावळीसमोर ऊन अडवायला डोक्यावर आडवा ताणला होता, छापलेली बाजू खाली. डेल्फा त्याखाली जेवायला बसली. दोन घास खाल्ले आणि वर बघत राहिली. टोपीवाली फ्लोरिसा तिच्याकडे बघून हसत होती.

“ही असती ना, तर मला घेऊन गेली असती,” ती हळूच म्हणाली.

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला. तेवढ्यात चर्चच्या बाजूने बँड सुरू झाला आणि सगळ्यांच्या वरून एक क्लॅरिनेट ऐकू आली. डेल्फाचा हात थांबला.

“ही तिचीच ना?”

“तिचीच.”

पंधरा दिवसांनी तिला परत जायचं होतं. अजून दीड वर्षाचा करार बाकी होता. ताट तसंच टाकून, खरकट्या हाताने ती रस्त्याकडे पळाली.