पोस्टमन अंगठेबहाद्दर झाले

चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून घरोघरी पत्रं वाटली. डॉक्टरच्या हातचा पत्तासुद्धा ते न थांबता वाचायचे. अशा माणसाने निवृत्तीनंतर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "मला वाचता येईनासं झालंय."

"चष्मा बदला," सून म्हणाली.

"चष्मा ठणठणीत आहे. अक्षरंच गेली."

हे सोंग नातीसाठी होतं. तिला आठवं वर्ष लागलं होतं, अक्षरं येत होती, पण दर महिन्याला मुलांचं मासिक आलं की ते आजोबांच्या हातात कोंबून बाईसाहेब डोळे मिटून पडायच्या. "तुम्ही वाचा, मी ऐकते." हा लाड आपणच केलाय आणि आपण गेल्यावर पोर कोरडीच राहणार, हे आजोबांना आत डाचत होतं.

नातीने मासिकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?"

आजोबांनी खूप विचार केला. "मुंगी?"

"अहो, हत्ती!" तिने कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी शिकवणी सुरू केली. रोज दोन पानं ती मोठ्याने वाचायची, मग आजोबांकडून घोटून घ्यायची.

पण बातमी गल्लीत फुटली. वाटेत 'विसरले' हा भाग गळाला आणि 'पोस्टमनला वाचता येत नाही' एवढंच उरलं. मग इतकी वर्षं पत्रं कुणाची कुणाला दिली? लोक जुन्या ट्रंका उपसायला लागले. समोरचे शिंपीकाका तर बायकोला घेऊनच आले.

"खरं सांगा. हिच्या वडिलांचं 'मुलगा पसंत' हे पत्र तुम्हीच आणलंत. त्यात नाव नाही, पाकीट आम्ही फेकलं. ते माझंच होतं, की शेजारच्या घड्याळवाल्याचं?"

"घड्याळवाल्यांचं लग्न झालंय का हो?" काकूंनी विचारलं.

आजोबांचं रक्त उसळलं. आयुष्यभराची अब्रू चव्हाट्यावर आली होती. खरं बोलावं, तर पोरगी पुन्हा डोळे मिटणार. तेवढ्यात तीच मध्ये पडली. "काका, त्यांना त्रास देऊ नका. आम्ही अजून जोडाक्षरांवर आहोत."

आजोबांनी मान खाली घालून मासिक उघडलं.

तिसऱ्या महिन्यात मात्र त्यांना गल्लीत तोंड दाखवणं अशक्य झालं. नातीने परीक्षा घेतली तेव्हा त्यांनी अख्खं पान घडाघडा वाचून टाकलं. "पास!" ती ओरडली आणि गल्लीभर सांगून आली.

दुसऱ्या दिवशी नवा अंक आला. आजोबा ऐकायला मांडी घालून बसले. ती आलीच नाही. खिडकीत बसून ओठही न हलवता वाचत होती.

"मोठ्याने वाच की."

"आता तुम्हाला येतं ना? आपलं आपण वाचायचं. माझं झालं की देते."

हेच तर त्यांना हवं होतं. तरी त्यांना करमेना. ते हळूच तिच्या शेजारी जाऊन बसले.

"निदान गोष्टीत काय झालं ते तरी सांग."

"शूऽऽ," ती म्हणाली आणि वर न बघता तिने पान उलटलं.