बाबा कावून थांबले

आम्ही चार भावंडं दुर्ग जिल्ह्यातल्या रिसालीत एका खोलीत वाढलो. बाबा ठेकेदाराची बस चालवायचे, रसमडाच्या कारखान्यांतली माणसं पाळीवर न्यायची नि आणायची. सेक्टर 10 मधली सरकारी कारखान्याची क्वार्टरं परमनंट लोकांची, आमच्यासाठी नव्हती. खोलीत पाय पसरायला जागा नसायची, म्हणून बी.कॉम.चा सगळा अभ्यास मी दारापुढे उभ्या असलेल्या त्या बसच्या मागच्या सीटवर केला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेनं सांगते.

सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या फेरीला जायची. वाटेत एका ठिकाणी बाजूचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळायचा आणि दोन रांगांची एक व्हायची. तिथं बाबांचा नियम ठरलेला... एक गाडी इकडची, एक तिकडची. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना थांबवायचे आणि बाजूच्याला मानेनं बोलवायचे. बसमधली माणसं वैतागायची. काका, आज पूर्ण दुर्ग जिल्हा जाऊ द्या, आमची हाजिरी उद्या लागंल, असे टोमणे रोजचेच. नोकरी लागल्यावर मीही त्यांना शहाणपण शिकवलं. म्हटलं, एवढ्या वर्षांत कोणी हात तरी हलवला का तुम्हाला? बाबांनी उलट मलाच ‘कावून’ विचारलं, म्हणजे का म्हणून.

"त्याची पाळी होती, तो गेला. त्यात मले हात कावून दाखवन तो?"

दीड महिन्यापूर्वी, भरदुपारी, ते स्कूटरवर भाजी आणायला निघाले होते. पुलाच्या कामामुळे रस्ता अरुंद केलेला, सर्व्हिस रोडची वाहनं तिथंच आत घुसतात. बाबा थांबले, हात बाहेर काढला आणि एका ऑटोला पुढे जाऊ दिलं. मागून पिकअप आला... मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. पिकअपचा ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर रडत बसला होता. मला पाहून उभा राहिला. "दीदी, अंकल रुकेंगे, सोचा ही नहीं। वहाँ कोई रुकता नहीं।" त्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं, पण तो खोटं बोलत नव्हता.

तेराव्यानंतर ठाण्यातून कागद मिळाला. त्यात बाबांबद्दल एकच ओळ होती, बिना कारण सड़क पर रुका. आईला ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "येडे होते का ते, बिनाकामाचे थांबाले?"

तो कागद तसाच राहू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं. ठाण्यातला बाबू म्हणाला, जाणारा गेला, एका ओळीनं काय होणार. पिकअपवाला ज्याचं सांगतो त्या ऑटोवाल्याला आणा, मग बघू. मी रजा टाकली आणि चार दिवस त्या जागी उभी राहिले, येणाऱ्या प्रत्येक ऑटोला विचारत. त्या चार दिवसांत मी एकाही माणसाला दुसऱ्यासाठी थांबताना पाहिलं नाही. हॉर्न, आरसे घासणं, आईबहिणीवरून शिव्या. बाबांनी तीस वर्षं जे केलं, ते त्यांच्यामागे कोणी शिकलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मीही ऑफिसला निघाले की तशीच घुसते.

चौथ्या दिवशी ऑटोवाला सापडला. यायला तयार नव्हता, कोर्टकचेरीला घाबरत होता. मी पाया पडायचंच बाकी ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाला, "दीदी, सच बोलूँ? मुझे लगा अंकल किसी को पता बता रहे हैं।"

म्हणजे ज्याच्यासाठी बाबा थांबले, त्यालाही ते कळलं नव्हतं... मी तिथंच फुटपाथवर बसले. बाबा गेल्याच्या दिवशीसुद्धा मी इतकी रडले नव्हते.

तरी तो आला. हात बाहेर होता, गाडी थांबलेली होती, म्हणून मी पुढे निघालो, एवढं त्यानं लिहवून दिलं, अंगठा उमटवला आणि पुन्हा बोलावू नका म्हणून हात जोडून निघून गेला.

परवा नवा कागद मिळाला. त्यात लिहिलं आहे की बाबा ऑटोला रस्ता देण्यासाठी थांबले होते. मी तो आईला दोनदा वाचून दाखवला.