समुद्राची वाम

वैनगंगेच्या वाळूत दडलेली वाम, सापासारखी लांबट मासळी, नुसत्या तळपायानं हुडकावी तर वडशाजवळच्या लच्छू मेश्रामनंच. पायाखाली सळसळलं की टाचेनं दाबायची आणि वाकून मानेला धरायची. त्याची बायको कुंता म्हणायची, "मले शिकवा." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "बाईच्या पायाखाली वाम थांबते का कधी?" पोरगी बाळंत झाली की तिच्या अंगावर दूध यावं म्हणून बापानं हातानं धरलेल्या वामेचं कालवण तिला खाऊ घालायचं, अशी त्यांच्या ढिवरांच्या, नदीवर मासे धरणाऱ्यांच्या, घरातली रीत.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांची लेक रंभा माहेरी बाळंत झाली. दूध काही येईना. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजावं, तर लेकरू ओकून टाकी. नेमकी तेव्हाच मच्छीमार सोसायटीची सहल रत्नागिरीला निघाली.

"जायाच्या आधी एक वाम आणून द्या," कुंता म्हणाली.

"नदीचं काय घेऊन बसली? समुद्राचीच आणतो," म्हणून गडी निघाला. खरं सांगायचं तर नदीचं पाणी गार होतं आणि याच्या डोक्यात समुद्र शिरला होता.

तिथं ओहोटीच्या ओल्या वाळूत भोकातून एक तोंड डोकावताना दिसलं. लच्छूनं सवयीनं टाच दाबली. पण ही बया शेपटीकडून खाली सरकली, आणि तो वाकला तशी अंगठ्याला कडकडून चावली. लच्छू इरेला पेटला. कोपरापर्यंत वाळू उकरून त्यानं ती काढलीच.

"ही आमी नाय खात. नुसते काटे," तिथला एक कोळी म्हणाला.

"तुमाले रांधता येत नसन," लच्छू म्हणाला.

मीठ लावून, वाळवून, फडक्यात बांधून तो ती घेऊन निघाला. वासानं गाडीतली शेजारची माणसं उठून गेली, तरी त्यानं गाठोडं मांडीवरून हलवलं नाही. नातवाचा जीव त्यात आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

घरी आला तर रंभा ओसरीवर लेकराला पाजत बसलेली. कुंता चुलीपाशी वामेचं कालवण ढवळत होती, लुगडं मांडीपर्यंत ओलं.

"वाम कोणं आणली?" त्यानं विचारलं.

"मीनंच. रोज जात होती नदीवर. आधी आधी निसटली, मंग पायाले समजलं."

लच्छूला लाज वाटली, आणि जीवही भांड्यात पडला. त्यानं गाठोडं सोडलं, समुद्राची वाम भिजवून स्वतःच रांधली आणि एकटाच खात बसला.

"कशी हाये?" कुंतानं विचारलं.

"काटेच हायेत," तो म्हणाला. थोड्या वेळानं ताटाकडंच बघत म्हणाला, "उद्या मी बी येतो. तू पाय कुठी टाकते, मले दाखव."