डावीकडं ओढणारी गाडी

येळ्ळूरच्या नागेंद्रला हाताचा मोठा गर्व होता. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात तो फिटर होता. घरातला पंप बिघडो, भावकीतल्या कुणाची मोटारसायकल बंद पडो, नागेंद्र पान्यांचा डबा काढून बसायचा. मिस्त्रीला बोलावणं म्हणजे त्याला स्वतःची बेअब्रू वाटायची. पाच-सहा वर्षांमागं त्यानं सेकंड-हँड गाडी घेतली, तेव्हापासून तिलाही परक्याचा हात लागू दिला नव्हता. ऑइल बदलणं, ब्रेक साफ करणं, सगळं अंगणातच, आंब्याखाली.

गाडी घेतली त्यानं, पण जास्त चालवायची ती रूपाली, त्याची बायको. तिचं माहेर जांबोटीच्या पलीकडं, रानाकडेच्या वाडीत. तिची आई मनुबाई हिला काचबिंदू. दर थोड्या दिवसांनी बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यावं लागायचं. नागेंद्रला शिफ्ट सोडून येता यायचं नाही, आणि त्या वाडीला बस म्हणजे आली तर आली. म्हणून रूपाली गाडी शिकली. घाटातल्या वळणांवर, पावसाच्या धारेत, समोरून लाकडाचा ट्रक आला तरी न गडबडता गाडी काढणारी बाई म्हणून वाडीत तिचं नाव झालं होतं. तिचे वडील भरमूआप्पा तर येईल त्याला सांगायचे, "माझ्या लेकीच्या गाडीत डोळं मिटून बसावं."

गेल्या दिवाळीनंतर रूपाली सांगू लागली की गाडी डावीकडं ओढते.

"अवो, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी सरळ जाईना झालीय. खड्ड्यात गेली की पुढनं टकटक वाजतंय."

"रस्ताच तसा हाय," नागेंद्र म्हणाला.

आणखी थोड्या दिवसांनी ती पुन्हा बोलली. त्यानं अंगणातून पाटलाच्या विहिरीपर्यंत एक फेरी मारली आणि काही नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा तो जेवत होता. "गाडी मी बघतोय का तू?" एवढंच म्हणून त्यानं ताक मागितलं.

मग रूपालीच्या भावाच्या लेकराचं बारसं आलं. सकाळी तिनं आईला डॉक्टरांना दाखवलं आणि तशीच तिला घेऊन माहेराकडं निघाली. नागेंद्र मोटारसायकलवरून आधीच पोचला होता. सोप्यावर दहा-बारा पाहुण्यांत, सासऱ्यांच्या शेजारी, जावयाच्या मानानं बसला होता. तिथूनच सगळ्यांनी गाडी वळणावर येताना पाहिली. वळण संपलं, गाडी सरळ व्हायला हवी होती. ती झाली नाही. हळूच डाव्या अंगाला गेली आणि दगडी गडग्याला जाऊन भिडली. दिवा फुटला, दोन दगड घरंगळले. लागलं कुणाला नाही. मनुबाई तेवढी "अगं बाई" म्हणून ओरडली.

रूपाली खाली उतरली ती थरथरतच. "वळवलं तरी आलीच न्हाय गाडी. मी सांगत हुते की तुमास्नी."

सगळे बघत होते. नागेंद्रला वाटलं, आपल्याकडंच बोट दाखवलं जातंय. तो पायऱ्या उतरत मोठ्यानं म्हणाला, "गाडीला काय झालं न्हाय. ध्यान कुठं हुतं तुझं? बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच हुतंय."

सोप्यावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आता गडगा बांधून घ्यायचा पावण्याकडनं." आणखी हसले. नागेंद्रनं सगळ्यांच्या देखत हात पुढं केला आणि रूपालीनं त्या हातात किल्ली ठेवली. मग ती आत जाऊन बारशाच्या घुगऱ्या वाटायला लागली.

त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नाही. त्यानंही एकदा चालव म्हटलं नाही. मनुबाईला आता भरमूआप्पा पायी चालवत जांबोटीच्या स्टँडवर आणायचे, तिथून बस. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बायकोचा हात. रूपाली बेळगावात स्टँडवर जाऊन त्यांची वाट बघत बसायची.

माघात निपाणीला नागेंद्रच्या कारखान्यातल्या एकाच्या घरचं लग्न होतं. गाडीत तो एकटाच. हायवेला लागला आणि संकेश्वरच्या पुढं, चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर, गाडी डावीकडं सरकायला लागली. त्यानं सावरली. जरा वेळानं पुन्हा सरकली. शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला आणि त्याच्या वाऱ्यानंच गाडी अशी हेलपाटली की नागेंद्रच्या तळहातांना घाम फुटला. स्टिअरिंग हातात फिरत होतं आणि चाकं जरा उशिरानं ऐकत होती. बहिऱ्या माणसाला हाक मारावी तसं. लग्नात तो जेवला, पण काय जेवला ते त्याला कळलं नाही. येताना सबंध रस्ता कडेकडेनं आला.

घरी आल्यावर रूपालीनं विचारलं, "बरी चालली का गाडी?"

"व्हय," तो म्हणाला. "बरी चालली."

हे आपण का म्हणालो ते त्याला त्या क्षणीच कळलं होतं, आणि म्हणूनच तो तिच्या तोंडाकडं बघू शकला नाही. त्यानं मनात ठरवलं, रविवारी गुपचूप बघायचं, जे झिजलं असेल ते बदलायचं आणि विषय मिटवायचा.

रविवारी त्यानं गाडी आंब्याखाली घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, जॅकवर पुढची बाजू उचलली आणि खाली लोखंडी घोड्या सरकवल्या. डावं चाक वर-खाली हलवून बघितलं, घट्ट होतं. मग दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक. म्हणजे बेअरिंग ठीक, गडबड स्टिअरिंगच्याच जोडणीत. पण नेमकी कुठं? चाकाजवळच्या सांध्यात, का आतल्या टोकाला? त्यासाठी एकानं स्टिअरिंग हलवायला हवं आणि दुसऱ्यानं खाली पडून सांध्यावर हात ठेवायला हवा. दोन्ही कामं एकट्याला होईनात. खाली पडून त्यानं चाक पायानं ढकलून बघितलं, ते जमलं नाही.

शेवटी त्यानं हाक मारली. "रूपाली, जरा येतीस का गं?"

ती भाकरी थापत होती. हात पुसत आली. त्यानं गाडीकडं बोट केलं. "आत बसून स्टिअरिंग जरा डावं-उजवं हलीव. थोडंच."

ती क्षणभर उभीच राहिली. बारशाच्या दिवसापासून त्या जागी ती बसली नव्हती. मग दार उघडून बसली.

नागेंद्र पोतं अंथरून गाडीखाली गेला आणि टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाच्या सांध्यावर त्यानं बोटं ठेवली. वर रूपालीनं स्टिअरिंग हलवलं. दांडा सरकला, पण चाक लगेच सरकलं नाही. मध्ये सांध्यातला गोळा आपल्या खोबणीत सैल नाचला, त्याच्या बोटांखाली. टक. डावीकडं, टक. उजवीकडं, टक. एवढी ढिलाई त्यानं कधी बघितली नव्हती. आणखी थोडे दिवस गेले असते तर तो गोळा खोबणीतून निसटला असता, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ते चाक आपल्या मनानं गेलं असतं.

त्यानं बॅटरी मारून बघितलं, आणि त्याचा हात तिथंच थांबला. सांध्यावर धूळ जाऊ नये म्हणून असते ती रबरी टोपी फाटलेली होती आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी त्यानंच गुंडाळली होती. गेल्या उन्हाळ्यात हा भाग त्यानं स्वतः नवा बसवला होता, तेव्हा हातोडी निसटून टोपी फाटली होती. दुसरा आणायला बाजारात जायचा कंटाळा केला होता, पट्टी लावून 'चालतंय' म्हटलं होतं. पावसाळाभर त्या फटीतून पाणी आणि माती आत गेली, ग्रीस वाहून गेलं, गोळा झिजला. आणि त्या गाडीत रूपाली आपल्या आईला बसवून घाट उतरत होती, चढत होती.

"काय घावलं का?" वरून तिनं विचारलं.

"काय न्हाय. जरासं ढिलं हाय. बदलतो."

"बरं," म्हणून ती उतरली. तिची पावलं त्याला खालून दिसली, चुलीकडं गेली. तो तसाच मातीत पडून राहिला. अंगावर शर्टात माती जात होती, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. एकट्या माणसालाही लाज वाटते आणि तोंड लपवायला गाडीखालीसुद्धा जागा पुरत नाही, असं त्याला झालं.

दुपारी तो बेळगावात जाऊन नवा भाग घेऊन आला. बाहेरचा नट सैल केला, जुना दांडा किती आत गेलाय त्याची खडूनं खूण केली, सांध्याच्या कडेला हातोडीचे ठोके देऊन जुना भाग सोडवला. नवा त्याच खुणेपर्यंत बसवला, नट आवळला, पिन घालून तिची टोकं वाकवली. टोपी अखंड आहे की नाही ते बोट फिरवून पुन्हा पुन्हा बघितलं. चाक हलवलं, आवाज नाही. काम उत्तम झालं होतं. एरवी असं काम झालं की तो रूपालीला बोलावून दाखवायचा. आज जुना भाग फडक्यात गुंडाळून त्यानं पान्यांच्या डब्याखाली ढकलला.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. रूपाली बोलत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. लेकीला त्रास नको म्हणून तिला न कळवताच दोघं आदल्या दिवशी डॉक्टरांकडं निघाली होती, पण बस आलीच नव्हती. दोघं म्हातारी उन्हात वाट बघून बघून परत चालत घरी गेली होती, डॉक्टरांची वेळ हुकली होती, मनुबाईला चक्कर आली होती. "मला का न्हाय सांगितलं आप्पा? मी—" असं म्हणून रूपाली एकदम थांबली. मी आले असते, असं तिला म्हणायचं होतं. फोन ठेवून ती भिंतीकडं तोंड करून बसली.

नागेंद्र उठला, फडक्यातला भाग आणून तिच्यापुढं ठेवला. गोळा हातानं हलवून दाखवला. "ह्यो खराब हुता. तू सांगत हुतीस ते खरं हुतं. आणि हे माझ्याच हातचं हाय. ही पट्टी मीच लावलेली."

तिनं तो हातात घेतला. चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. नागेंद्रला वाटत होतं, आता रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"सकाळी मी इचारलं तवा का न्हाय सांगितलं?"

तो रिकाम्या फडक्याची घडी घालू लागला.

"आणि निपाणीस्नं आलासा तवा?"

त्यानं मान खाली घातली. तिला तेही कळलं होतं.

"चुकतंय माणसाचं," ती म्हणाली. "पण तुमी हितं मला एकटीला सांगतासा. तिथं समद्यांच्या म्होरं बोललासा. माझ्या आप्पाच्या म्होरं."

पुढच्या रविवारी दोघं मोटारसायकलवरून वाडीला गेली. वाटेत किणयेपर्यंत नागेंद्रच्या मनात आलं, परत फिरावं. कुसमळीचा पूल ओलांडला तेव्हा आलं, सासऱ्यांना बाजूला घेऊन हळूच सांगावं. पोचले तर सोप्यावर शेजारचे चार-पाच जण सुपारी कातरत बसलेले. बारशाला होते त्यातलेच. चहा आला. गवताचं, रानडुकरांचं, कुणाच्या म्हशीचं बोलणं झालं. नागेंद्र दोनदा घसा खाकरला आणि दोनदा भलतंच बोलला. एकदा तर भाताच्या दराबद्दल विचारलं. आत रूपाली आईच्या डोळ्यांत थेंब घालत होती. मधल्या दारातून तिची पाठ दिसत होती.

"मामा," शेवटी तो म्हणाला. "बारशाच्या दिशी गाडी गडग्याला लागली ती रूपालीच्या चुकीनं न्हाय. गाडीचं स्टिअरिंगच निकामी झालतं. मीच बसवलतं ते, आणि वाईट बसवलतं. ती सांगत हुती, मी ऐकलं न्हाय. वर तिलाच बोललो."

सुपारीचा अडकित्ता थांबला. त्याचे कान इतके तापले होते की ते सगळ्यांना दिसत असतील असं त्याला वाटलं. आतली पाठ हलली नाही.

भरमूआप्पा अंगणाकडं बघत म्हणाले, "पावणं, तुमी बोललासा ते बोललासा. पण मी हसलतो." त्यांनी सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. "लेक माझी थरथरत उभी हुती, आणि मी ह्यांच्या संगं हसलतो. ती माझ्याकडं बघत हुती तवा. तवापासनं तिच्याशी नीट बोलायला मला तोंड न्हाय."

हे ऐकून नागेंद्रला हलकं वाटायला हवं होतं. उलट आणखी जड झालं. आपली लाज आपल्यापुरतीच आहे असं तो समजत होता; ती या म्हाताऱ्याच्या घरातही इतके दिवस बसून होती, हे त्याला माहीतच नव्हतं.

शेजारी एकेक करून उठून गेले. एक जण जाताना दारातून आत म्हणाला, "रूपाक्का, माझं बोलणं मनावर घिऊ नगंस गं." तिनं "न्हाय" म्हटलं, पण वळून बघितलं नाही. भरमूआप्पा मग आत गेले. काय बोलले ते नागेंद्रला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गुळाचा खडा होता. लेकीनं दिला असावा, तो धरून ते नुसते बसून राहिले.

परत येताना रूपाली म्हणाली, "मंगळवारी आईला डॉक्टरांकडं न्यायचं हाय. मी आणीन गाडीतनं."

"ने की," तो घाईनं म्हणाला. "गाडी आता एकदम—"

"त्याच्या आधी पिरनवाडीच्या गॅरेजात दाखवून आणा. चाकं सरळ करून घ्यायची असत्यात न्हवं, त्ये बी करून घ्या. आणि मिस्त्रीला म्हणावं, समदं खोलून बघ." मग ती म्हणाली, "तुमच्या एकट्याच्या हातावर मी आईला बसवणार न्हाय आता."

नागेंद्रनं "बरं" म्हटलं.

सोमवारी सुट्टी टाकून तो गॅरेजात गेला. मिस्त्री ओळखीचा होता. "काय नागेंद्रअण्णा, तुमी आणि हितं?" म्हणून हसला. एरवी नागेंद्रनं काहीतरी थाप मारली असती. तो म्हणाला, "मी बसवलंय. पण घरच्यांचा माझ्यावर भरवसा न्हाय. तू बघ." मिस्त्रीचं हसू जरा ओसरलं. त्यानं गाडी वर घेतली. नागेंद्र बाहेरच्या बाकावर बसून राहिला, दुसऱ्याचे हात आपल्या गाडीत चाललेले बघत. काम ठीक होतं. चाकांचा कोन तेवढा जुळवावा लागला, आणि एका बाजूनं घासलेलं टायर बदलावं लागलं.

मंगळवारी रूपाली सकाळीच निघाली. तिनं आरसा आपल्या उंचीला लावून घेतला, सीट पुढं ओढली. नागेंद्र फाटकाशी उभा होता. सावकाश जा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते म्हणायचा हक्क आपल्याला आता राहिला आहे का ते त्याला कळेना. म्हणून त्यानं नुसतं फाटक उघडलं आणि गाडी गल्लीतून वळून सरळ जाईपर्यंत ते धरून उभा राहिला.